नटावरची पिवळी रेघ

गास्तोंला झाकून नेलं होतं. गाडी मात्र उतारावर तशीच उलटी पडली होती.

लाव्हेर्न कारखान्याच्या लष्करी गाड्या पंचवीस वर्षं डोंगरात चालवून पाहणारा माणूस तो. पहाटे सहाला वळणावर त्याची गाडी वळलीच नाही. चाचणी पाहायला मालक लाव्हेर्न एकटाच सोबत होता. ठाण्यात फोन आला आठला.

फौजदार सोलांज ब्रेशार चिखलात झोपून गाडीखाली पाहत होती. सगळं वाकलेलं, लडबडलेलं. चाकं वळवणारा लोखंडी दांडा तेवढा सरळ आणि स्वच्छ. त्याचा नट बोटांनी फिरत होता. नटावर पिवळी रेघ.

"नट आवळला की कामगार त्यावर आपल्या रंगाची रेघ ओढतो," लाव्हेर्न म्हणाला. "पिवळा ओदीलचा. न आवळताच रेघ ओढली बयेनं. लिहून घ्या, फौजदारबाई. तिला आजच उचला."

"एवढी घाई?"

"शुक्रवारी लष्कराचे लोक एकशेवीस गाड्या न्यायला येतायत."

त्याच्या कचेरीच्या भिंतीवर कारखान्याचा इतिहास टांगला होता. युद्धानंतर अमेरिकनांनी टाकलेल्या जीप दुरुस्त करणारे आजोबा. सहारात निघालेल्या ताफ्यासोबत वडील. खाली ठळक अक्षरांत: आमचा कुठल्याही सालचा भाग आमच्या कुठल्याही गाडीला बसतो. शेजारी कामगारांच्या रंगांची यादी, दोन वर्षांपूर्वीची.

ओदील जेवणघरात बसली होती. पुढ्यातलं सूप गार झालं होतं. नखांत हिरवा रंग.

"गाडी कधी जोडलीस?"

"गेल्या मंगळवारी."

"दांड्याचा नट आवळलास?"

"दोनदा. गास्तों माझ्या लेकीचा धर्मबाप, मॅडम. चिडवायचा मला. म्हणायचा, नवऱ्याला एवढं घट्ट धरलं असतंस तर पळाला नसता."

"रेघ कुठल्या रंगाची ओढलीस?"

"हिरव्या. फेर्नांबाबांचा रंग. पंधरवड्यापूर्वी निवृत्त झाले ते. जाणारा माणूस सगळ्यांना वाइन पाजतो आणि आपला रंग कुणाला तरी देऊन जातो. त्यांनी मला दिला."

"मालक होते तेव्हा?"

"साहेब? आमच्या वाइनला वास येतो त्यांना."

ब्रेशार मागच्या आवारात गेली. वाळवंटातून परत आलेल्या, मोडीत काढलेल्या गाड्या रांगेनं उभ्या होत्या. एकीलाही तो दांडा नव्हता. वितळवायच्या भंगारात तासभर उकरल्यावर तिला दोन तुकडे सापडले. वरून ताजा रंग, आत जुना गंज, खोबणीत लाल वाळू. एका तुकड्यावरच्या नटाला हिरवी रेघ होती. नट घट्ट होता.



तिनं ते तुकडे लाव्हेर्नच्या टेबलावर टाकले.

"मेलेल्या गाड्यांचे दांडे रंगवून तुम्ही नव्या गाड्यांत घातलेत. बसतात ना, कुठल्याही सालचे. हा आधीच तडकलेला होता, वळणावर तुटला. तुम्ही कोरा दांडा आणून बसवलात, नट ढिला ठेवलात, भिंतीवरची यादी पाहून पिवळी रेघ ओढलीत. तुटक्या दांड्यावरची हिरवी रेघ तुम्हाला जुन्या गाडीवरची, फेर्नांची वाटली. कारखान्यातल्या कुणीही हिरवी ओढली असती. फेर्नांच्या निरोपाला न गेलेले तुम्ही एकटेच."

"हे कुणीही..."

"कुणीही नाही. कारखान्यातला फोन दहा मिनिटांवर. तुम्हाला दोन तास लागले. डॉक्टर म्हणतात, सातपर्यंत गास्तों जिवंत होता. तुम्ही त्याच्याशेजारी झोपून पाना फिरवत होतात."

लाव्हेर्ननं बाहीवरची धूळ झटकली. "तसाही तो वाचणार नव्हता," तो म्हणाला. "शुक्रवारचं काय करायचं?"

त्याला बेड्या घालताना त्याच्या मनगटाला हात लागला, तो ब्रेशारनं नंतर तीनदा धुतला.

जेवणघरात ती ओदीलसमोर बसली. "घरी जा. तुझा नट घट्ट होता. एकशेवीस गाड्याही जागच्या हलणार नाहीत."

ओदीलनं सगळं ऐकलं, गास्तों सातपर्यंत जिवंत होता तेही. मग हळूच विचारलं, "त्या तासात त्यानं हाक मारली असेल का, मॅडम?"

वीस वर्षांच्या नोकरीत ब्रेशार साक्षीदाराशी कधी खोटं बोलली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "शुद्धच नव्हती त्याला."