मंगळवारची तक्रार

ॲपने त्या दोघांना चुकीच्या शाखेत आणून सोडलं नसतं, तर मला सांगण्यासारखं काहीच नसतं. त्यांनी वेळ घेतली होती शहराच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रात. पण फोनमधल्या बाईने 'आपण पोहोचला आहात' असं ठणकावून सांगितलं आणि ती माझ्या दारात गप्प झाली.

माझं दार म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचं श्रवणयंत्रांचं केंद्र. कमी ऐकू येणाऱ्यांचे कान तपासायचे, मशीन बसवून द्यायचं आणि पुढे ते कुरकुरलं की त्याचंही ऐकायचं, त्याच्या मालकाचंही ऐकायचं, हे माझं काम. दुपारचा एक वाजला होता. डबा उघडला होता. दारात पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ उभे, आणि त्यांच्यामागे निळ्या गणवेशातला एक उंच माणूस. खिशातून पाना डोकावतोय, बोटांना वंगण.

"आमची एकची वेळ आहे," निळा गणवेश म्हणाला.

मी पडद्यावर बघितलं. "आहे. पण इथे नाही."

"हिने तर इथेच आणलं." त्याने फोन माझ्यापुढे असा धरला, जसा काही चोर पकडून आणलाय.

"मग तिलाच विचारा की."

"विचारलं. ती म्हणते, वळा. वळलो की म्हणते, पुन्हा वळा."

"काय म्हणते रे?" मिशा गरजल्या. त्या आवाजाने खिडकीची तावदानं थरथरली असतील.

"जेवतेय म्हणते, मामा!"

"मग जेवू दे की! आपण बसू!"

मामा बसलेसुद्धा. मी डब्याचं झाकण लावलं. माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी कुणाला आत घेत नाही. त्या दिवशी का घेतलं, याचं खरं उत्तर मी तेव्हाही स्वतःला दिलं नव्हतं.

मामांच्या दोन्ही कानांना मशीन लागलं. छोटंसं, कानामागे लपणारं, ब्लूटूथवालं. बसवल्यावर ते फोनला जोडून तपासावं लागतं, आणि त्यासाठी केंद्राचा टॅब असतो. तो टॅब नेमका त्याच क्षणी अपडेट घ्यायला बसला. 'कृपया बंद करू नका, अजून एकोणचाळीस मिनिटे.' मामांचा फोन बटणांचा, ब्लूटूथच्या आधीच्या पिढीतला. भाच्याचा फोन दिवसभर रस्ते दाखवून दाखवून मान टाकलेला. म्हणून नियमात बसत नसतानाही मी माझा स्वतःचा फोन जोडला, एक सूर वाजवला. मामांनी डोळे मोठे केले. "पोरी, हे तर थेट डोक्यात वाजलं!"

तपासणी झाली. ते गेले. फोन आणि मशीन यांची जोडणी तोडायची राहून गेली. दुसऱ्यांना दिवसातून दहा वेळा सांगते मी, की फोनच्या माथ्यावरची ती बारीक चिन्हं वाचत चला. स्वतः कोण वाचतं?

माझ्याकडे एक वही आहे. केंद्राची नव्हे, माझी. तिच्यात दोन रकाने: माणूस काय सांगतो, आणि असतं काय. 'आपोआप बंद पडलं' म्हणजे आंघोळीला घालून गेले होते. 'सून हळू बोलते' म्हणजे सुनेचं ऐकायचं नाही. वर्षानुवर्षं वही लिहिल्यामुळे मला माणसं पटकन कळतात, असा माझा समज होता.

पुढच्या मंगळवारी मामा पुन्हा हजर. "मशीन शिट्टी मारतं."

तपासलं. मशीन साधू. मारत नव्हतं.

त्यापुढच्या मंगळवारी, "खरखर येते." तीही नव्हती. दर वेळी मामा बाहेरच्या बाकावर बसायचे. काचेच्या अलीकडे मी आणि शेजारी उभा भाचा. आमचं बोलणं तेवढ्यात व्हायचं, तुकड्यातुकड्यांनी.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. "लिफ्ट अडकली की माणसं एकच बटण दहा वेळा दाबतात," तो एकदा म्हणाला. "पहिल्यांदा लिफ्टला ऐकू गेलं नसेल, असं वाटतं त्यांना."

"आणि तुम्ही काय करता?"

"मी बाहेरून त्यांच्याशी बोलत राहतो. काय जेवलात, मुलं कितवीत आहेत… दार उघडेपर्यंत."

"म्हणजे बोलायला येतं तुम्हाला."

"मधे दार असलं की येतं."

हे बोलताना तो माझ्याकडे नाही, मशीनच्या डबीकडे बघत होता. कानाच्या पाळ्या मात्र लाल. मी वही उघडली आणि दुसऱ्या रकान्यात काही न लिहिता मिटली.

ताईला मी सगळं सांगायची. ताई माझी थोरली बहीण, लांबच्या गावी असते. तिला टाइप करायचा कंटाळा, म्हणून चार-चार मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवते. मागे वॉशिंग मशीन घरघरत असतं, मधेच लेकीला दटावणं. हे मेसेज दोन पेशंटच्या मधल्या वेळात ऐकणं हा माझा विरंगुळा. आणि त्यातच एक विचित्र प्रकार सुरू झाला. मंगळवारी दुपारी फोन मुका व्हायचा. मेसेज लावावा, रेघ पुढे सरकताना दिसावी आणि आवाज शून्य. मी आवाज पूर्ण वाढवायची, फोन आपटायची, पुन्हा लावायची. तीनदा, चारदा. आणि घरी जाताना बसमध्ये तोच मेसेज खणखणीत! शेजारची बाई वळून बघेल इतका.

"तुझा फोन ऑफिसात रुसतो," ताईचं निदान. "तुझ्यावरच गेलाय."

मी त्याला दोनदा बंद-चालू केलं, एकदा शिव्या घातल्या. जगाच्या कानांची मशीनं दुरुस्त करणारी मी, स्वतःच्या फोनपुढे हात टेकले.

चौथ्या आठवड्यात बदलीचं पत्र आलं. नदीकाठच्या गावी नवं केंद्र उघडलं होतं, तिथली प्रमुख म्हणून. स्वतंत्र खोली, हाताखाली दोघं. सहा वर्षं मी त्याचीच वाट बघत होते. पत्र ऑफिसच्या ॲपमध्ये होतं, खाली दोन बटणं: 'मान्य' आणि 'अमान्य'. त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात, 'मंगळवार सायंकाळी पाचपर्यंत उत्तर न दिल्यास मान्य समजले जाईल.' वा रे न्याय! आमच्या ॲपला मौन म्हणजे होकार वाटतो. मला मात्र एका माणसाच्या मौनाचा अर्थ चार आठवडे लागत नव्हता. जायचं होतं मला. फक्त, न कळता जायचं नव्हतं.

तो पाचवा मंगळवार. चार वाजले होते. बाहेर बाकावर मामा, शेजारी भाचा, पलीकडे एक लठ्ठशा आजी नवऱ्याच्या मशीनची बॅटरी बदलून घ्यायला आलेल्या. आज मामांची तक्रार होती 'मशीन जड वाटतं' अशी. ते भुईमुगाच्या दाण्याएवढं असतं.

ताईचा मेसेज आला. मी काचेआड पाठ फिरवून लावला. शून्य. आवाज वाढवला. शून्य. आणखी वाढवला, सगळा…

"अगं कमी कर, कमी कर! कानाचे पडदे फाटतील!" बाहेरून मामा ओरडले.

मी वळले. मामा दोन्ही हात कानांवर ठेवून माझ्याकडेच बघत होते. मग त्यांचा चेहरा बदलला. काहीतरी ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा मला कळतो, तोच माझा धंदा आहे. माझ्या बोटाखाली मेसेजची रेघ सरकत होती. ती संपली, तसे मामा ताडकन उठले आणि भाच्याच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "अरे, ती चालली नदीकाठच्या गावी! पाच वाजता ठरणार! आज तू तोंड उघडलं नाहीस तर 'खुशाल जा' म्हणतेय तिची ताई!"

आजींनी बॅटरी मांडीवर ठेवली आणि सावरून बसल्या.

मी फोनच्या माथ्यावर बघितलं. ते बारीक चिन्ह होतं तिथे. उघडलं. 'जोडलेली उपकरणे: डावा कान, उजवा कान.'

चार मंगळवार. मनात हिशेब सुरू झाला, ताई काय काय बोलली होती. 'उंच आहे म्हणतेस, पण वाकून चालत नाही ना?' 'हात काळे असले तरी चालतात, मन बघ.' 'तुला आवडतो ना? मग म्हण की आवडतो, मेल्याची वाट कसली बघतेस?' हे सगळं, आणि तेही तीन-तीनदा… कारण मीच पुन्हा पुन्हा लावलं होतं.

मी बाहेर आले. हात पुढे केला. "मामा, मशीन द्या."

मामांनी ते निमूट काढून माझ्या तळहातावर ठेवलं, पण सोडलं नाही. माझं बोट धरून म्हणाले, "पहिल्यांदा चुकून ऐकलं गं. शपथ! मग… घरात मी आणि हा. हा सकाळी जातो. बायको गेल्यापासून कुणी माझ्याजवळ बसून इतकं घरगुती बोललं नव्हतं. तुझी ताई माझ्याशी बोलत नव्हती, ते कळतं मला. पण कानात होती ना." थांबून, हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या हिशेबाने हळू, "रागावलीस?"

रागवायचं मी ठरवलंच होतं. पण त्यांच्या मिशा थरथरत होत्या. "नाही," मी मान हलवून दाखवली.

मशीन आत टेबलावर ठेवून मी भाच्याकडे बघितलं. तो उभा होता, लालबुंद, आणि त्याच्यामागे भिंतीवर घड्याळ. चार चाळीस.

"बाहेर येता?" मी म्हटलं. "इथे प्रेक्षक फार आहेत."

जिन्याच्या वळणावर आम्ही उभे राहिलो. उघड्या झरोक्यातून ऊन त्याच्या खांद्यावर पडलं होतं. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं. ती होत नव्हती.

"तुम्हाला हे माहीत होतं?" मी विचारलं.

"मेसेजचं? नाही. देवाशप्पथ नाही." त्याने घसा साफ केला. "पण मशीनमध्ये काही बिघाड नाही, हे मला दुसऱ्याच मंगळवारी कळलं होतं."

"कसं?"

"मी मशीनवालाच आहे ना. कुरकुरणारं मशीन कळतं. ते बरं होतं."

"मग मामांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर मंगळवार गेला असता." त्याने बोटांवरचं वंगण रुमालाला पुसलं, जे आधीच पुसलेलं होतं. "मी दर वेळी अर्धी रजा टाकत राहिलो. साहेब विचारतात, मामांचे कान एवढे का बिघडतात."

मी हसले नाही. फार कष्टाने.

"तुम्ही जाणार?" त्याने विचारलं.

"तुम्ही सांगा."

"थांबा म्हणायचा मला हक्क नाही. आणि जागा चांगली आहे. खोलीला पूर्वेची खिडकी आहे, झाड दिसतं."

मी बघतच राहिले. खिडकीचं तर पत्रातही नव्हतं. "तुम्हाला काय ठाऊक?"

"गेल्या गुरुवारी जाऊन आलो. मामा म्हणाले, नदीकाठच्या गावी नवं केंद्र निघालंय, तिथे जास्त चांगली मशीनं मिळतात, बघून ये. मला वाटलं, म्हाताऱ्याची लहर. तीन तास जायला, तीन तास यायला." आता त्याला हसू आलं. "कशाला पाठवलं, ते आत्ता कळतंय."

मामा! मला जाण्याबद्दल ताईने समजावलं त्याच मंगळवारी त्या मिशांनी पुढची सगळी मांडणी करून टाकली होती.

"आणि काय बघितलंत तिथे?"

"लिफ्ट," तो गंभीरपणे म्हणाला. "भयंकर अवस्थेत आहे. दार अर्धं उघडतं, दुसऱ्या मजल्यावर हिसका देते. ती एकदा बघून सुधारणारी नाही. महिन्यातून चारदा तरी माणसाला यावं लागेल."

"आणि सुधारली तर?"

"तरी यावं लागेल."

चार पंचावन्न. मी फोन उघडला, पत्र काढलं. माझं गप्प राहणं ॲपने होकार म्हणून घ्यावं, हे मला मंजूर नव्हतं. मी स्वतःच्या अंगठ्याने 'मान्य' दाबलं, एकदाच. मग फोन खिशात टाकला आणि त्याच्यासमोर हाताची घडी घालून उभी राहिले.

"माझं झालं," मी म्हटलं. "आता तुमचं. का यावं लागेल?"

त्याने जिन्याकडे बघितलं, झरोक्याकडे बघितलं, आमच्यामधल्या दोन फूट मोकळ्या जागेकडे बघितलं. तिथे दार नव्हतं.

"कारण… तुम्ही आवडता मला. पहिल्या दिवसापासून. डबा बंद केलात ना, तेव्हापासून."

खाली स्कूटर एकदाची चालू झाली. मी माझा हात त्याच्या काळ्या बोटांवर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

केंद्राचं दार किलकिलं झालं होतं. त्यातून मामांचा आवाज आला, अगतिक, इमारत हलवणारा. मशीन माझ्या टेबलावर होतं ना!

"काय म्हणाला तो? काय म्हणाला? मला काही ऐकू येत नाहीये!"

आणि मग लठ्ठ आजींचा आवाज, त्याहून दुप्पट मोठा, पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना पुरेल असा:

"आवडते म्हणाला! आणि तिने हात धरलाय! बसा आता गप!"