तिच्या पायाखालचा ब्रेक

त्याची नोकरी लिफ्ट तपासण्याची होती. दोर तुटला तर पाळणा कुठे अडकेल, वेग वाढला तर पकड कधी बसेल, हे बघून तो सही करायचा आणि मग माणसं त्याच्या भरवशावर दिवसभर वरखाली करायची. असा माणूस ऐन पन्नाशीत दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या बायकोने कपाळाला हात लावला.

"केस काळे केले असते तरी भागलं असतं," ती म्हणाली.

गाडी जुनी होती. इंजिन उत्तम, रंग झकास, रडगाणं होतं ते फक्त ब्रेकचं. पेडल दाबलं की स्टिअरिंग थरथरायचं. पॅड झिजून मागच्या पत्र्याला टेकायला आले होते आणि डिस्कच्या कडेला नख अडकेल एवढी धार आली होती. बायको शेजारी बसायची ती दोन्ही हातांनी सीट धरून. वळण आलं की तिचा उजवा पाय समोरच्या मॅटवर दाबला जायचा. तिथे अर्थातच काही नव्हतं. तरी दर वळणाला ती जीव खाऊन ब्रेक मारायची आणि घरी आल्यावर पोटरी चोळत बसायची.

"तुझ्या बाजूलाही एक पेडल बसवून घेऊ का?" त्याने चिडवलं.

"घ्या ना. दोघांपैकी एकाचा तरी वेळेवर लागेल."

शेवटी एका शनिवारी सकाळी दोघं सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदाराला अख्खी बाजारपेठ मामा म्हणायची. काउंटरवर तेलाचे डाग पडलेलं रबर पसरलेलं होतं, आणि त्यावर मामांनी डिस्क मांडल्या: एक भोकं पाडलेली, एक खाचा मारलेली, एक अगदी साधी. त्याचा जीव भोकांच्या डिस्कवर जडला होता. शिवाय त्याला शर्यतीचे पॅड हवे होते.

"शर्यतीला जाणार आहात?" मामांनी विचारलं.

"नाही. ऑफिसला."

"मग हे कशाला? हे पॅड चांगले तापल्याशिवाय पकडतच नाहीत. सकाळी गल्लीच्या तोंडाशी ब्रेक माराल तो पुढच्या चौकात लागेल. वर किंचाळतील, डिस्क खातील. आणि त्या भोकांपासून तडे जातात. दिसायला मात्र फार छान हं."

त्याचं तोंड पडलं. बायकोने मात्र पुढे होऊन एकेक पॅड उचलून पाहिला. ती घरी पडदे शिवायची, कापड जोखायची सवय होती तिला. तिने अंगठ्याने पॅडची करडी, खरखरीत बाजू दाबली.

"गार असताना यातला कोणता धरतो?"

"तुमच्या हातातला. रोजच्या वापराचा."

"मग हाच. आणि ती साधी डिस्क. दाबल्यावर थांबलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे."

"वहिनींना कळतं," मामा म्हणाले. बांधून देताना त्यांनी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. नवे पॅड डिस्कवर बसवायचे असतात. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, जोरात ब्रेक दाबायचा, वेग उतरला की सोडायचा, असं पुन्हा पुन्हा. "पण पूर्ण थांबायचं नाही. तापलेला पॅड एका जागी टेकून राहिला की डिस्कवर त्याचा ठसा उठतो. तो ठसा मग जात नाही."

त्याने स्वतःच काम केलं. घराच्या तळमजल्यावर गॅरेज होतं, वर राहायच्या खोल्या. दुपारी पुढच्या दोन्ही चाकांना नव्या डिस्क आणि नवे पॅड बसले, आणि संध्याकाळच्या आत दोघं बंद पडलेल्या कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर पोचले.

वेग, ब्रेक, सोड. वेग, ब्रेक, सोड. गाडीत जळका वास भरला. हे सगळं मामांनी सांगितल्याप्रमाणेच चाललं होतं, म्हणून तो खुशीत होता. तेवढ्यात झुडपातून एक कुत्रं रस्त्यावर आलं.

"अहो!" बायको ओरडली आणि तिने पाय आपटला.

गाडी जागच्या जागी थांबली. कुत्रं समोर बसलं, मान खाजवली, सावकाश उठून गेलं. तोवर पॅड तापल्या डिस्कला घट्ट धरून होते. चाकांतून धूर येत होता.

"उठला ठसा," तो वैतागून म्हणाला.

"उठू दे. कुत्रं तर वाचलं."

घरी आल्यावर त्याने चाकाच्या आऱ्यांतून पाहिलं. डिस्कवर पॅडच्या आकाराचा एक काळसर डाग होता. मामांचं म्हणणं खरं ठरलं होतं, एवढंच. पण रात्री जेवताना त्याचा घास हातातच राहिला. कुत्रं आलं तेव्हाचा क्षण त्याला आठवत होता आणि त्या क्षणी त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर होता. ब्रेकपर्यंत तो पोचलाच नव्हता.

घाईत माणसाला नीट आठवत नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

पुढच्या आठवड्यात बायकोने आपण होऊनच गाडीचं कौतुक केलं. "आता बघा, मनात आलं की थांबते." तिचा पाय मॅटवर टेकला की त्याच्या तळव्याखालचं पेडल आपोआप खाली जात होतं, हे त्याने दोनदा अनुभवलं होतं. त्याने ब्रेकचं तेल तपासलं, नळ्या तपासल्या, पेडलचा चाप तपासला. कुठेही दोष नव्हता. दोष सापडला असता तर बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मग एके सकाळी गॅरेजमध्ये शिरताच जळका वास आला. गाडी आदल्या दिवसापासून हललेली नव्हती. त्याने डिस्कजवळ हात नेला आणि चटकन मागे घेतला. चाक फिरल्याशिवाय डिस्क तापत नाही. हे त्याला जसं माहीत होतं, तसं जगातलं दुसरं काही माहीत नव्हतं.

वर बायको पलंगावर बसून पोटरी चोळत होती. "रात्रभर स्वप्नात उतारावरून खाली येत होते बाई. दाबून दाबून पायात गोळे आले."

त्याने तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार?

पण लपवण्याचे दिवस लवकरच संपले. ऑफिसला जाताना पुलावर त्याच्या गाडीला हिसके बसायला लागले. थांब, सूट. थांब, सूट. लांबलचक थांब. मागचे हॉर्न बडवत होते, एक टेम्पो आरशाला घासून गेला. त्याने कशीबशी गाडी कडेला घेतली आणि घरी फोन लावला.

"काय करतेस?"

"काय करणार, पडदे शिवतेय. का हो? धापा का टाकताय?"

शिलाईचं मशिन विजेवर चालायचं. वेग पायाने द्यायचा, उजव्या.

"पाय काढ त्यावरून. दोन्ही पाय वर घेऊन बस."

त्याने गाडी हळूच पुढे घेतली. ती मोकळी चालली.

"आता एकदा जमिनीवर दाब. जोरात."

त्याचं कपाळ काचेवर आपटता आपटता वाचलं. फोनमधून ती "दाबला, आता काय?" असं विचारत होती आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती.

त्याने सगळं सांगितलं तेव्हा बायको आधी हसली, मग रडली. त्या दिवसापासून तिने खुर्चीवर मांडी घालून बसायला सुरुवात केली. जिना उतरायचा तर आधी हाक मारून विचारायची, "अहो, घरातच आहात ना?" बाहेर तो गाडीत असेल आणि आपला पाय भलत्या वेळी पडेल, या धास्तीने तिचं शिवण बंद पडलं, जेवण कमी झालं. "माझ्यामुळे तुम्ही गेलात तर?" ती पुन्हा पुन्हा म्हणायची. गाडी वापरणं त्याने थांबवलं, तरी तिची भीती थांबली नाही, कारण रोज सकाळी डिस्क तापलेली असायची.

"काढून टाकतो," तो रविवारी दुपारी म्हणाला. "पॅडच नसले तर धरणार काय?"

"काढा बाई एकदाचे. मी वर बसते पाय घेऊन."

त्याने गाडी जॅकवर घेतली. एका चाकाचे पॅड निघाले. दुसऱ्या चाकाचा आतला पॅड निघाला. शेवटचा जरा अडला, मग सुटून त्याच्या तळहातावर आला. कोमट होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

वर चपला वाजायला लागल्या.

पलंगापासून खिडकी. खिडकीपासून दार. मग जिना. ती नेहमी कठडा धरून उतरायची, आज मात्र एकाच लयीत खाली आली.

"अहो," ती म्हणाली, "मला थांबता येत नाहीये."

ती थट्टा करतेय असं वाटून तो हसला. मग त्याने तिचा चेहरा पाहिला. तिने भिंतीला हात लावला, वळली, पुन्हा चालू लागली. गॅरेजचं दार उघडं होतं आणि बाहेर उतार होता, थेट हमरस्त्यापर्यंत.

त्याने धावत जाऊन तिला मिठी मारली. ती मिठीत होती आणि तिचे पाय फरशीवर घसरत चालतच होते.

"धरून ठेवा मला."

"धरलं तर पॅड कसे बसवू?"

मग तिनेच सुचवलं, "गाडीभोवती फिरते. तुम्ही बसवा."

त्याने दार लावून घेतलं. ती फिरू लागली. तो गुडघ्यांवर बसला. त्याच्या पाठीमागून तिच्या चपला जायच्या, बॉनेटला वळसा घालायच्या, पलीकडून जायच्या, पुन्हा यायच्या. हातातून बोल्ट निसटत होते. पावलं भरभर पडायला लागली होती.

"लवकर करा हो."

"झालंच."

"अहो, मी पळायला लागले."

एका चाकाचे पॅड बसले, मग दुसऱ्याचे. तो धडपडत सीटवर चढला आणि त्याने पेडल दाबलं. ते खालपर्यंत मोकळंच गेलं. पॅड नुकते बसवले की पहिल्या दाबाला असंच होतं, हे माहीत असूनही त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा दाबलं. पावलं जड झाली.

तिसऱ्यांदा त्याने सगळा भार पायावर टाकला. पेडल घट्ट झालं.

पावलं थांबली.

"थांबलीस ना?" तो हुश्श करत म्हणाला. "बस आता खाली. मी हलत नाही इथून."

त्याने मान वर करून काचेतून पाहिलं.

ती बॉनेटपलीकडे उभी होती. एक टाच वर उचललेली. तोंड त्याला हाक मारताना उघडलेलं. छाती हलत नव्हती.

त्याने पाय उचलला. पेडल वर आलं.

ती हलली नाही.

तो गाडीतून उतरला, तिच्यासमोर गेला, तिचा हात हातात घेतला. हात उबदार होता. त्याने हळू आवाजात तिला हाक मारली, मग मोठ्याने, मग पुन्हा हळू.

तिच्या हनुवटीवरून घामाचा एक थेंब सुटला होता. तो अजून खाली पोचला नव्हता.