हिरव्या कठड्यातले आठ आरे

“ओढ्याच्या पाण्यामंदी गवंडी कोण बाई?
हिरव्या गं लुगड्याची, दगड रचीत जाई!”

सायली पाच वर्षांची असताना तिनं ही ओवी सारजाबाईच्या तोंडून ऐकली होती. सारजाबाई ओढ्यावर गोधड्या धुवायची. धोपाटण्याच्या तालावर तिचा आवाज पाण्यावरून उड्या मारत यायचा. आता सारजाबाई नाही. पण ओढ्यात पाय टाकला की तो आवाज सायलीच्या कानात अजून जागा होतो.

“ए गवंडीणबाई! ओव्या नंतर, माप आधी!” विश्वजीत ओरडला.

सायली भानावर आली. ती छत्रपती संभाजीनगरची, क्रांती चौकाजवळ राहणारी. पण दिवाळीची सुट्टी लागली की सोयगावकडच्या या गावात, मामाच्या घरी. विश्वजीत हा मामाचा मुलगा. काठावर वही उघडून बसलेली मोनाली त्याच्या वर्गातली. अक्षर मोत्यासारखं आणि जीभ मिरचीसारखी!

समोर ओढ्यात आडवा पसरला होता हिरवा कठडा. तो कुणी बांधलेला नव्हता. डोंगरातून येणारं पाणी चुन्याचं. कठड्यावरचं शेवाळ तो चुना अंगावर चढवून घ्यायचं, चुन्याचा दगड व्हायचा आणि त्या दगडावर पुन्हा नवं शेवाळ धरायचं. समुद्रातही काही शेवाळं अशाच भिंती बांधतात, असं सायलीच्या बाईंनी शाळेत सांगितलं होतं. इथं समुद्र नसला म्हणून काय झालं? गवंडी होताच!

गेल्या दिवाळीत तिघांनी कठड्यात सायकलचे आठ आरे रोवले होते. प्रत्येक आऱ्यात एक वायसर, म्हणजे मधे भोक असलेली लोखंडी चकती, ओवून तो दगडावर टेकवला होता, आणि वर वीस मिलिमीटर आरा मोकळा ठेवला होता. गणित सोपं! दगड वाढला, तर वायसर बुडणार आणि आरा आखूड होणार.

सायलीनं बाईंकडून आणलेला मापाचा कॅलिपर पहिल्या आऱ्याला लावला. “सोळा!”

“चार मिलिमीटर गिळला की!” विश्वजीतनं पाण्यातच उडी मारली.

“उड्या मारू नको रे म्हशीवाणी, वही भिजतीय!” मोनाली खेकसली. “पुढचा सांग.”

सहा आऱ्यांची मापं सोळाच्या आसपास आली. वायसर गडप! मग सायली सातव्यापाशी वाकली आणि तिनं कॅलिपर दोनदा लावला.

“अठ्ठावीस.”

“काय? नीट माप!”

“मापलं. आठवाही अठ्ठावीस. आणि दोन्हींचे वायसरच नाहीत!”

तिघांची तोंडं उतरली. कारण उद्या दहा वाजता जेसीबी येणार होता. ओढा खोल करायचं ठरलं होतं, आणि गावचे सरपंच आप्पासाहेब, म्हणजे सायलीचे मामा, यांनी ठरावात लिहिलं होतं, ‘ओढ्यात आडवा मृत दगड असून तो काढावा.’

तो ठराव ऐकून सायली भर चावडीत उभी राहिली होती. “मामा, तो मृत नाही! मोजून दाखवते!”

मामा मिशीत हसले होते. “दाखव की! दाखवलंस तर कठड्याला हात लावू देणार नाय. शब्द!”

आणि आता दोन आरे उलटी साक्ष देत होते. कठडा वाढत नाही, झिजतोय!

“सोपं हाय,” विश्वजीत कुजबुजला. “हे दोन उपटू. सहाच ठोकले म्हणू. कुणाला कळतंय?”

“आठ ठोकले, आठच सांगायचे!” सायली म्हणाली.

“अगं पण कठडा जाईल ना!”

“न मोजता ‘मृत’ लिहिणारे मामा, आणि मोजून लपवणारे आपण? मग त्यांच्याशी भांडायचं कोणत्या तोंडानं?”

विश्वजीतनं पाण्यात खडा भिरकावला. मोनाली मात्र सातव्या-आठव्या आऱ्यांमधल्या खळग्यावरून बोटं फिरवत होती. दोन्ही आरे जेमतेम चार बोटांच्या अंतरावर होते.

“ए, हे झिजलेलं नाय! पाण्यानं झिजलेलं गुळगुळीत लागतं. हे खरखरीत हाय, पांढरं फेक. फोडलंय! तळहाताएवढा तुकडा काढलाय कुणीतरी.”

“दगड कोण चोरतं?” विश्वजीत म्हणाला. “मराठवाड्यात दगडाला काय तोटा?”

संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळा गाव विचारून पाहिला. जो तो मान हलवायचा, “नाय बा!”

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता न्हाणीतून आरोळी आली.

“आयोऽऽ! टाच फाडली! वजरी हाय का कुऱ्हाड?”

मामा टॉवेल गुंडाळून एका पायावर नाचत बाहेर आले आणि त्यांनी टाच घासायची वजरी अंगणात भिरकावली. सायलीनं ती सहज उचलली. चपटा, जाळीदार दगड. त्यात आरपार दोन भोकं, चार बोटांच्या अंतरावर. आणि कडेतून डोकावणारी वायसरची धार!

तिनं विश्वजीतला कोपर मारलं.

“आप्पा,” विश्वजीत पुढं सरकला, “ही वजरी कुठनं आणली?”

“अं? ब... बाजारातनं! जा, हळद आण आधी!”

“हळद डब्यात आहे, मामा! वजरी आम्ही नेतो!” असं म्हणत सायली पळत सुटलीसुद्धा. वाटेत मोनालीला हाक मारायची गरजच पडली नाही. ती वही घेऊन दारातच उभी होती.

ओढ्यावर माणसं जमली होती. जेसीबीचा दातेरी पंजा वर उचललेला. सायली थेट कठड्यावर जाऊन उभी राहिली.

“ए पोरी, बाजूला सरक!” ड्रायव्हर ओरडला.

“नाही सरकणार! आधी माप, मग मशीन!”

“कोण गं तू?” कामावर देखरेख करणारे बद्रीनाथ साहेब पुढं आले.

“कठड्याची माणसं आहोत आम्ही!” विश्वजीत आणि मोनाली एका सुरात म्हणाले आणि तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले.

साहेबांना हसू आलं. “बरं. दाखवा तुमचं माप.”

सायलीनं वजरीची भोकं सातव्या-आठव्या आऱ्यांवर धरली आणि तुकडा अलगद खाली सरकवला. खट्! जसा काही तिथून कधी हललाच नव्हता. तिनं कडेतून दिसणाऱ्या वायसरपासून वरच्या पृष्ठभागापर्यंत कॅलिपर लावला.

“वायसरच्या वर दगड चार मिलिमीटर. हा गेल्या दिवाळीनंतर चढलाय, साहेब! आणि हे बघा, दोन्ही आरे आता सोळा!”

“आठच्या आठ!” मोनालीनं वही उंच धरली. काठावरच्या बायकांनी टाळ्या पिटल्या.

साहेबांनी स्वतः वाकून माप घेतलं. मग कालचं पान वाचलं. “हे अठ्ठावीस तुम्ही कालच लिहून ठेवलं होतं? कठड्याच्या विरोधात जात असताना?”

“आठ ठोकले होते,” सायली म्हणाली.

“शाब्बास! नकोसं माप लिहायला छाती लागते. पंचवीस वर्षांत मी भलेभले खाडाखोड करताना पाहिले.” ते ड्रायव्हरकडं वळले. “मशीन दोनशे पावलं खाली घे! तिथं खोदू. हा कठडा फुकटात पाणी अडवतोय, ह्याला कोण हात लावतो! पण पोरांनो, हा तुकडा फोडला कुणी?”

विश्वजीत पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला. लंगडत येणारे मामा सायलीला दिसले होते. तिनं त्यांच्याकडं बोट केलं नाही.

“ज्यानं फोडला त्यानं सांगावं.”

मामा कठड्यालगतच्या घाटाच्या पायरीवर बसले. टाचेवर हळदीचा पिवळा ठिपका होता. “मी फोडला,” ते म्हणाले. “टाच घासायला. बाजार-बिजार काय नाय.”

“माहीत आहे, मामा.”

“ते व्हय. पण येक तुला माहीत नाय.” त्यांनी घसा खाकरला. “या घाटाला पायऱ्या किती? मोज.”

सायलीनं मोजल्या. “चार.”

“मी तुह्याएवढा होतो तवा पाच होत्या. खालची ह्या कठड्यानं गिळली, माझ्या डोळ्यांदेखत.” मामांची नजर पाण्यावर होती. “गावाला मशीनचा नंबर लई दिवसांनी लागला. खरं लिहिलं तर तो हुकेल म्हणून भ्यालो, पोरी. हा जिता हाय हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून ‘मृत’ लिहिलं.”