चार वाजताची भिंत

ही गोष्ट माझ्या मामीच्या घरी घडली. खरी आहे. सांगताना तिने माझा हात धरला होता.

रात्र नव्हती. गुरुवार होता. दुपारचे चार, खिडकीतून ऊन आत आलेलं.

मामाने गाडी विकली, तेव्हापासून घराला लागून असलेलं गॅरेज रिकामं होतं. मामीचे वडील, आम्ही सगळे त्यांना अप्पाच म्हणायचो, दूर तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे. गुडघा गेलेला, जिने चढवत नव्हते. गॅरेज चार फूट वाढवून त्यांना खोली करायची, असं मामानेच सुचवलं. मामीला स्वर्ग दोन बोटं उरला.

परवानगीसाठी इंजिनिअर घर मोजून गेला. गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत वरच्या मजल्याचा भार पेलते, म्हणाला. तिच्यात दार पाडायचं तर आधी टेकू, मग वर बीम, मगच हातोडा.

मामीने अप्पांना फोनवर सांगून टाकलं, दार थेट माझ्या ओट्यापाशी उघडणार. मग अप्पा दर फोनला एकच विचारायचे.

"दार कुठवर आलं?"

परवानगीचे कागद आले. मामाने बोट ठेवलं तिथे मामीने सही केली. नवराच तो, वाचायचं काय त्यात?

खोली झाली. रस्त्याकडे दार, खिडकी, फरशी, सगळं झालं. मधली भिंत मात्र जशीच्या तशी. मामा म्हणाला, भोक पाडलं तर माडी डोक्यावर येईल, पुढच्या वर्षी बघू.

त्यानंतर अप्पांनी मामीचे फोन घेणंच बंद केलं.

नवव्या दिवशी ते तिकडेच, आपल्या खुर्चीत गेले.

महिना उलटला. त्या गुरुवारी मामी ओट्यापाशी उभी होती.

टक... टक...

थोडं थांबून...

टक.

अप्पांची काठी. दुखरा पाय उचलताना ते असेच थांबायचे.

आवाज नव्या खोलीतून येत होता. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली मामीच्या डोळ्यांसमोर खिळ्याला. ती घराला वळसा घालून गेली, कुलूप काढलं.

आत कोणी नाही. फरशीवर सिमेंटची धूळ तशीच, एकही पाऊल नाही.

दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा. मग रोज.

आठवड्याने भिंतीवर चीर दिसली. गवंडी आला. बराच वेळ त्याने भिंतीला ओळंब्याची दोरी धरून ठेवली.

"वहिनी, भाराची चीर तिरकी पळते. ही बघा... सरळ वर, मग आडवी, मग सरळ खाली."

दारच होतं ते. वाकून चालणाऱ्या माणसाच्या उंचीचं.

इंजिनिअरने चिरेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवली. भिंत केसभर हलली तरी काच तडकणार, म्हणाला. चार दिवसांनी चिरेत मामीचं बोट जात होतं.

काच अखंड होती.

इंजिनिअर कपाळ पुसत राहिला. मग पुटपुटला, "पहिल्या नकाशात इथे दार काढलं होतं मी. बीमसकट. तुमच्या साहेबांनी रद्द करून घेतलं."

संध्याकाळी मामीने मामाला चहा दिला आणि समोर बसली. सगळं विचारलं, शांतपणे. मामाने आढेवेढे घेतले, मग म्हणाला, घरात उठसूट कोणाची ये-जा नको होती.

"आणि अप्पांना काय सांगितलंत?"

मामाने कप बशीत ठेवला.

"सांगितलं... की तुमच्या लेकीलाच दार नकोय."

तीस वर्षांच्या संसारात मामीने त्याच्यापासून कधी काही लपवलं नव्हतं. ती उठली नाही, रडली नाही. फक्त त्या नऊ दिवसांतले न उचललेले फोन तिला एकेक करून आठवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः कचेरीत गेली. नवा नकाशा, नवी परवानगी. टेकू लागले, बीम ओतला, तो पक्का व्हायला पुरते दिवस दिले. काठीची चारची वेळ चुकली नाही. मामा तेवढ्या वेळेला बाहेर निघून जायचा. मला काही ऐकू येत नाही असं तो म्हणायचा, पण मग चारलाच का जायचा?

दार पाडून झालं. गवंडी राडारोडा काढून गेला. मामी उंबऱ्याशी उभी राहिली.

चार वाजले.

टक... टक...

टक.

आवाज उंबऱ्यापर्यंत आला. अगदी तिच्या पायाशी.

"अप्पा, आत या. दार नको असं मी नव्हतं म्हटलं."

काठी तिथेच थांबली...

तिने पुन्हा सांगितलं. हात पुढे केला.

मग काठी वळली. फरशीवरून सावकाश, तशीच थांबत थांबत, रस्त्याकडच्या दाराशी गेली. त्या दाराची कडी आतून निघाली. फाटकापर्यंत आवाज येत राहिला... आणि संपला.

पुन्हा कधी आला नाही.

आता मामी त्याच खोलीत राहते. घरात उघडणाऱ्या दाराला कडी आहे, तिच्या बाजूने. मामा जेवायला हाक मारतो, तेव्हा ती कधी उघडते, कधी नाही.

परवा गेले तर चार वाजत आले होते. ती रस्त्याकडचं दार सताड उघडं ठेवून बसली होती. मी तिच्या शेजारी बसले.

"जाताना त्यांनी ऐकलं असेल का गं, मी काय म्हटलं ते?"