फळ्यावरची शेवटची ओळ

दहावीत गेल्यापासून मला वाटायला लागलं होतं, की आपल्याला सगळं येतं. आणि त्यात खोटं काय होतं? एरंडोलजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयाचं संकेतस्थळ मी एकटीनं उभं केलं, आणि ऑगस्टमध्ये त्याला आरएसएस फीडही जोडलं! म्हणजे काय, तर वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावरची सूचना मी फाइलमध्ये टाकायची, की ती सुरत-पुण्याला गेलेल्या गावकऱ्यांच्या मोबाइलवर आपोआप हजर.

फळा वाचनालय सांभाळणारे तोताराम आबा लिहायचे. रोज सकाळी ओल्या फडक्यानं सगळा पुसायचे, फक्त शेवटची ओळ सोडून. 'हरवली आहे. मोनाली, वय ९, हिरवा फ्रॉक.' आबांची मुलगी. सव्वीस वर्षांपूर्वी पद्मालयाच्या गणपतीला अंगारकीच्या गर्दीत तिचा हात सुटला. ओळ फिकी झाली, की आबा तीच अक्षरं पुन्हा गिरवायचे. वय नऊच.

"चारू बेटा, मनी ओळ सुरतले पोचस ना व?" ते रोज आपल्या अहिराणीत विचारायचे.

"पोचते, आबा! दुबईलासुद्धा!"

साफ खोटं. रोज तेच पाठवलं तर लोक फीड बंद करतील, म्हणून ती ओळ मी कधी टाकलीच नव्हती.

सप्टेंबरात एका दुपारी शाळेतून येऊन फीड उघडलं, तर एक नोंद जास्तीची. 'सापडली आहे. उषाअक्कांची शेळी. चिंचेखाली.' मी टाकली नव्हती. फळ्यावरही नव्हती. मी धावत उषाअक्कांकडे गेले. शेळी त्यांच्या ओट्याशी पाला खात उभी.

"अक्का, शेळी हरवली होती का?"

"मनी शेळी? ऊन लागनं का व तुले?"

तिसऱ्या दिवशी शेळी हरवली. चिंचेखाली सापडली.

मग युसूफभाईंच्या टेंपोची किल्ली. तीही आधी सापडली, नंतर हरवली. मी फाइल ओळ न् ओळ तपासली. त्या नोंदी तिच्यात नव्हत्याच. पासवर्ड बदलला. तरी दुपारी गाव झोपलं, पंख्याची घरघर तेवढी उरली, की मोबाइल हलकेच थरथरायचा. खरं सांगते, भीती नाही वाटायची. वेचलेल्या कापसाच्या ढिगात पडून राहिल्यासारखं वाटायचं. सगळं मऊ, आणि सगळे आवाज लांबून येणारे.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा मी वाचनालयात आबांसमोर बसले होते. मोबाइल थरथरला.

'सापडले आहेत. तोताराम आबा. मोनालीजवळ.'

आबा समोरच होते. बोटांत खडू.

मी मोबाइल पालथा ठेवला. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि मोबाइल उचलला. चष्मा वर करून वाचलं. दोनदा.

"आबा, तुमची ओळ मी कधीच पाठवली नाही," मी म्हटलं. मला रडूच फुटलं.

"पोचनी ना पण," आबा म्हणाले.

त्यांनी फडकं ओलं केलं. शेवटची ओळ पुसली. चपला घातल्या.

मी त्यांची बाही धरली.

"सोड, बेटा. आते हात सुटनार नही."

मी सोडली.

बाहेरचं ऊन इतकं पांढरं होतं, की पायरीवरच आबा पुसट दिसायला लागले. मग नुसतं ऊन.

गावानं आठ दिवस शोधलं. विहिरीसुद्धा.

आता फळा मी लिहिते. शेवटच्या ओळीत, 'हरवले आहेत. तोताराम आबा, वय ७१.' ही ओळ मी फीडलाही टाकते, रोज, न चुकता.

रोज सकाळी फळ्यावरचा 'हरवले' एवढाच शब्द पुसलेला असतो. फडक्यानं नाही. चार लहान बोटांनी.