पळसखोऱ्यातला आसरा

वामनराव म्हणजे दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा, आणि गल्लीच्या टोकावरून परत येऊन चौथ्यांदा ओढणारा माणूस. यवतमाळजवळच्या एका शेतकी केंद्रात हवामानाच्या नोंदी घेण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. पाऊस किती, ऊन किती, वारा कुठला आणि किती. वारा नसला तर त्या रकान्यात ‘शांत’ असं लिहायचं. निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली, खोड नाही सुटली. रोज सकाळी गॅलरीत उभे राहून ओलं बोट वर धरायचे. आतून त्यांची बायको पद्मजाबाई विचारायच्या, “अहो, काय म्हणतोय तुमचा वारा? पोहे टाकू की थांबू?”

या वारावेडाला कारण होतं आणि ते घरातच होतं. एकुलती एक मुलगी शाल्मली, जन्माची दमेकरी. जरा धुळीचा वारा सुटला, जिनिंगकडून कापसाची तूस उडाली, की तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागे. वामनराव रात्री भिंतीला कान लावून ती शिट्टी ऐकत पडायचे. शिट्टी ऐकू येते म्हणजे पोर श्वास घेते आहे, एवढा हिशोब मनाशी झाला की त्यांचा डोळा लागायचा. शेजारीपाजारी कौतुकानं म्हणायचे, वामनराव पोरीला वारासुद्धा लागू देत नाहीत. त्यांच्या बाबतीत हे अक्षरशः खरं होतं.

आता अशा पोरीनं काय करावं? तर नावा हाकाव्यात! डॉक्टर म्हणाले पोहल्यानं छाती सुधारेल, म्हणून ती पोहायला गेली, पोहता पोहता वल्ही हातात आली, आणि आता पुढच्या महिन्यात गोव्याला नावा शिकवायची नोकरी. समुद्रावर! जिथं वाऱ्याशिवाय दुसरं काही नाहीच, अशा ठिकाणी. वामनरावांना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. मग जायच्या आधी मित्रमैत्रिणींबरोबर इसापूरच्या धरणावर शनिवार-रविवार नावेची सहल ठरली, तेव्हा त्यांनी अट घातली. रात्री नाव कुठं बांधायची ती जागा मी शोधणार, आणि मी बरोबर येणार.

“चला ना बाबा,” शाल्मली हसून म्हणाली. “नांगर म्हणून चला. तसंही कुठं हलू देत नाही तुम्ही.”

फेब्रुवारी संपत आला होता. शेंबाळपिंपरीच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची खुंटं उरली होती आणि टेकड्यांवर पळस पेटला होता. काठावर पोचले तेव्हा पश्चिमेचा वारा सुटलेला, पाण्यावर पांढरे तुरे. ढाणकीचा ऋतिक, घरची कपाशीची शेती असलेला दांडगा गडी, भाड्याच्या इंजिनच्या डोंग्यात सामान चढवत होता. त्याच्या जोडीला अर्पिता, शाल्मलीची कॉलेजातली मैत्रीण.

“काका, काहून एवढं टेन्शन घेऊन राह्यले?” ऋतिक म्हणाला. “कुठंबी नांगर टाकू.”

“कुठंबी टाकून चालत नाही रे बाबा,” म्हणत वामनराव काठावरच्या चहाच्या टपरीकडं वळले. टपरी तुळसाबाईची. बाई चहा गाळता गाळता तीन गिऱ्हाइकांशी तीन विषयांवर बोलत होती.

“मावशी, इकडं आसरा कुठं आहे हो?”

बाईचं बोलणं थांबलं. “आसरा? हाये ना. थ्या उजव्या टेकडीच्या मागं, पयसाच्या खोऱ्यात. लई जुनी जागा हाये. कोनासाठी पाह्यजे?”

“पोरीसाठी. तिला वारा सोसत नाही.”

“पोरीसाठी,” बाईनं मान डोलावली. “मंग रिकाम्या हातानं नोका जाऊ, सायेब. नारय घेऊन जा. अन् काय पाह्यजे ते तोंडानं बोला. मनातल्या मनात बोललेलं त्याईले ऐकू येत नाही.”

वामनरावांना वाटलं, खोऱ्यात भोयांची चार घरं असतील, ‘त्याईले’ म्हणजे तिथल्या कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना असेल, त्यांना नारळ देऊन विचारायची इकडची रीत असेल. त्यांनी मुकाट्यानं नारळ घेतला.

जागा मात्र खरोखर अशी होती की बघत राहावं. टेकडीला वळसा घालून डोंगा आत शिरला आणि कुणी दार लावून घ्यावं तसा वारा थांबला. तीन बाजूंना चढ, चढावर पळस आणि साग, मधे तळहाताएवढं पाणी. ऋतिकनं इंजिन बंद केलं. डोंग्याची लाट काठापर्यंत गेली आणि पाणी पुन्हा सपाट झालं.

“मानलं काका तुम्हाले!” ऋतिक म्हणाला.

वामनराव फुशारले. मिठाईच्या डब्याची लाल फीत त्यांनी काठीला बांधली आणि काठी चिखलात रोवली. फीत सरळ खाली लोंबली. इथवर ठीक होतं. पण जन्मभर वारा मोजलेला माणूस तो. त्यांना माहीत होतं की वहीत ‘शांत’ लिहितात त्या वेळीसुद्धा हवा अगदीच मेलेली नसते. फीत थरथरते, पानाचं टोक हलतं. ही फीत थरथरत नव्हती. समोरच्या पळसाचं एक फूल गळलं, ते दगडासारखं सरळ खाली आलं. खोऱ्याच्या तोंडाशी, हाकेच्या अंतरावर, सागाची झाडं वाऱ्यानं वाकत होती. त्यांचा आवाज आत येत नव्हता.

‘चांगलंच आहे की,’ ते मनाशी म्हणाले. ‘हेच तर शोधत होतो.’

दोर बांधायला खुंट शोधताना त्यांना ते दगड दिसले. पाण्याच्या अगदी कडेला, ओळीनं सात. शेंदूर फासलेले, पुढ्यात हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे. वामनराव क्षणभर बघत राहिले आणि मग एकट्यानंच मोठ्यानं हसले. साती आसरा! पाण्यातल्या सात बहिणी! त्यांनी विचारला होता निवारा आणि बाईनं सांगितल्या होत्या देवी. घरं नाहीत, भोई नाहीत, काही नाही.

त्यांनी पोरांना हाक मारून ही गंमत सांगितली. अर्पिता तर हसून हसून खाली बसली.

“बाबा, आता आणलाय नारळ तर फोडा,” शाल्मली म्हणाली. “बिचाऱ्या वाट बघत असतील.”

वामनरावांनी नारळ दगडावर आपटला. पाणी सात दगडांवर शिंपडलं. मागं पोरं हसत होती. बोलायचं म्हणजे काय, थट्टाच करायची होती. पण तोंड उघडलं आणि आत साठलेलं सगळं एकदम वर आलं. गोवा, समुद्र, रात्रीची ती शिट्टी, आणि पलीकडच्या खोलीत ती नसेल तेव्हाच्या रात्री. त्यांचा आवाज कापला.

“माझ्या पोरीला आसरा द्या,” ते मोठ्यानं म्हणाले. “तिला वारा लागू देऊ नका.”

मागचं हसणं थांबलं. शाल्मलीनं येऊन त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. “वेडे आहात तुम्ही बाबा,” ती म्हणाली, आणि तिच्या छातीतली बारीक शिट्टी त्यांना कानाशी ऐकू आली.

संध्याकाळी ऋतिकनं तीन दगडांची चूल मांडली. लाकडं पेटली, पण जाळ काही उठेना. पोरगा फुंकून फुंकून लाल झाला. “लाकडं ओली हायेत,” तो म्हणाला. भात अर्धाकच्चाच खाल्ला सगळ्यांनी. वामनरावांनी नंतर चूल जवळून पाहिली. ऋतिकनं एवढं फुंकलं होतं आणि दगडांबाहेर राखेचा एक कण उडाला नव्हता.

रविवारी सकाळी वामनराव भांडी घासत होते. शाल्मली पाण्यात उतरली.

“जास्त आत जाऊ नकोस!”

“बरं नांगर!” असं ओरडून तिनं बुडी मारली.

पाण्यावर वर्तुळं उठली, पसरली, मिटली.

वामनरावांनी एक पातेलं घासून विसळलं. मग वर पाहिलं. पाणी सपाट होतं.

“शाल्मली?”

अर्पिता उठून उभी राहिली. तिनं दोनदा हाक मारली, तिसरी हाक रडण्यासारखी आली.

ऋतिक कपड्यांसकट पाण्यात पडला. वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. पुन्हा वर आला आणि त्यानं नुसती मान हलवली.

वामनराव गुडघाभर पाण्यात उभे होते.

“काय झालं? काय शोधताय?”

शाल्मली त्या दगडांपाशी बसली होती. ओळीच्या टोकाला, पाय पाण्यात सोडून, केस पिळत. ती वर कधी आली ते तिघांपैकी कुणीही पाहिलं नव्हतं.

“अगं कुठं होतीस!” ऋतिक धापा टाकत ओरडला.

“आत्ताच तर गेले होते. लगेच आले.”

तिला धाप लागली नव्हती. वामनरावांनी धावत जाऊन तिला कवटाळलं आणि लहानपणी करायचे तसा पाठीला कान लावला. शिट्टी नव्हती. आत कसलाच आवाज नव्हता.

‘छाती मोकळी झाली,’ त्यांच्या मनात आलं, आणि ते रडायला लागले.

परत निघताना खोऱ्याबाहेर वाऱ्यानं डोंग्याला धरलंच. अर्पिताची ओढणी उडून पाण्यात गेली, वामनरावांची टोपी गेली. शाल्मली पुढच्या टोकाला बसली होती. तिचे मोकळे केस पाठीवर सरळ पडलेले होते. ओले असतील अजून, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

काठावर तुळसाबाईनं दुरूनच विचारलं, “मियाला का आसरा, सायेब?”

“मिळाला, मावशी.”

बाई आणखी काही बोलणार होती. तेवढ्यात मागून शाल्मली उतरून आली. तिला पाहताच बाईनं डोक्यावर पदर घेतला, आणि ती जागची उठून उभी राहिली.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी शाल्मलीनं सांगून टाकलं, “मी गोव्याला नाही जात. मला इथंच बरं वाटतंय.” पद्मजाबाईंनी तिच्या तोंडात साखर घातली. औषधाचा पंप कपाटात पडून राहिला. जिनिंगची तूस उडाली, धूळ उडाली, पोरीला साधा ठसका लागला नाही. एवढी वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला लावला ते सगळं देवानं एका फटक्यात दिलं होतं. फक्त वामनरावांना झोप लागत नव्हती. भिंतीला कान लावून ते पडून राहायचे, आणि भिंतीपलीकडं काही ऐकू यायचं नाही.

गुरुवारी सकाळी तिघं चहाला बसले. पंखा जोरात चालू होता. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं फडफडत होती, पद्मजाबाईंचा पदर उडत होता. शाल्मलीच्या कपाळावरची बट हलत नव्हती.

“अहो, बघता काय असे तिच्याकडं?” पद्मजाबाई म्हणाल्या. “पोर घरी राहिली, दमा गेला. आता तरी जिवाला शांत वाटतंय ना?”

वामनरावांनी मान डोलावली.

शाल्मलीनं लहानपणापासूनच्या सवयीनं चहा बशीत ओतला. वर दाट साय धरली होती. तिनं दोन्ही हातांनी बशी उचलली, गाल फुगवले, आणि वडिलांकडं बघून हसत फुंकर मारली. मग पुन्हा एकदा मारली.

साय हलली नाही.