तीन ओळी जास्तीच्या

काचेचं दार ढकलून तो आत आला आणि तिच्या हातातला चहा कपातच हिंदकळला. या माणसाला ती कधीच भेटली नव्हती. तरी कपाळावरची बट, चष्म्याची किंचित वाकलेली काडी... सगळं तिला पाठ होतं.

पाणी कधी बंद राहणार, कधी उकळून प्यायचं, ही पाणी खात्याची माहिती वेबसाइटवर कुणालाही कळेल अशी मांडणं हे तिचं काम. ज्यांना दिसत नाही त्यांना फोन ती पानं वाचून दाखवतो. फोटो आला, की तिनं त्यामागे लिहून ठेवलेलं वर्णन वाचतो. नियम एकच — कामापुरतं लिहायचं.

"मी व्हॉल्व्हच्या फोटोतला इंजिनिअर," तो म्हणाला. "ते वर्णन... तुम्ही लिहिलंत?"

"हो. का, चुकलं काही?"

त्यानं खिशातून फोन काढला. यंत्रातल्या बाईचा सपाट आवाज खोलीत घुमला — "इंजिनिअर मुख्य व्हॉल्व्ह तपासताना. भिजलाय, पण त्याला पत्ताच नाही. हसू ओठांच्या आधी डोळ्यांत येतं. याच्याशी एकदा बोलायला हवं."

धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. सोमवारी स्वतःशीच गंमत म्हणून लिहिलेल्या तीन ओळी... पुसायच्याच राहिल्या होत्या! अख्ख्या शहराला ऐकू जात होत्या.

"आत्ता काढते," ती कशीबशी म्हणाली.

"अहो, नका काढू! आईचा हुकूम आहे." तो खुर्चीच्या टोकावर टेकला. "तिची नजर जाऊन नऊ वर्षं झाली. काल हे ऐकलं आणि म्हणाली, 'अजून तसाच हसतोस होय रे? मेल्या, कधी बोलला नाहीस!' सकाळपासून चारदा ऐकलंय."

तिनं कप टेबलावर ठेवला. खिडकीतलं ऊन चहाच्या वाफेत तरंगत होतं.

"तिथून काढावंच लागेल," ती हळूच म्हणाली. "पण आईंना मी ते वेगळं पाठवते. त्यांच्यापुरतं."

"चालेल. पण दुसरा हुकूमही आहे. 'लिहिणारी कशी दिसते, ते नीट बघून ये.'"

तेवढ्यात फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"काय रे, दिसते कशी?"

तो तिच्याकडे बघत राहिला... बघतच राहिला.

"कामापुरतंच सांगा हं," ती पुटपुटली. कान तापले होते.

"आई, एका बघण्यात नाही गं जमणार. रोज यावं लागेल."

"मग विचार की तिला!"

ती फोनकडे वाकली. "काकू, ऑफिस दहाला उघडतं," ती म्हणाली. "पण मी... नऊलाच येते."